मंचावर आठवेल अशी तयारी

सेमिस्टर संपत आलं की सोलापूरच्या कॉलेजांत प्रोजेक्ट सादर करण्याची धांदल उडते. रात्री उशिरापर्यंत स्लाइड सजवायच्या, सकाळी त्या चार-पाचदा डोळ्यांखालून घालायच्या आणि परीक्षकांसमोर दुसऱ्याच वाक्याला अडकायचं. मुलं म्हणतात, ‘ब्लँक झालो’. घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. माझ्या मते बहुतेकांचा अभ्यास झालेला असतो, सराव चुकीचा असतो.

चार माणसांसमोर बोलणं शरीर धोक्यासारखंच घेतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. काही सेकंदांत छाती धडधडते, घशाला कोरड पडते. मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक येतं. ते सावकाश चढतं आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली एक चाचणी आजही प्रयोगशाळेत ताण आणण्यासाठी जगभर वापरतात. त्यात करायचं काय, तर अनोळखी परीक्षकांपुढे भाषण द्यायचं आणि तोंडी गणितं सोडवायची!

कॉर्टिसॉल वाढलं की साठवलेली माहिती पुसली जात नाही, पण ती वेळेवर हाताशी येत नाही. यावर उपाय आहे का? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सुंदर प्रयोग मांडला. १२० जणांना काही शब्द आणि चित्रं दाखवली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. उरलेल्यांनी न पाहता, आठवतील तेवढी लिहून काढली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना भाषण आणि गणिताच्या ताणाखाली आणलं. पुन्हा पाहून पाठ करणाऱ्यांची आठवण ताणाने घसरली. आठवून सराव केलेल्यांची घसरली नाही.

म्हणून लॅपटॉप मिटा आणि उभं राहून, मोठ्याने, स्लाइड न बघता बोला. अडलात तर लगेच बघू नका, थोडं झगडा. ते झगडणं हाच सराव आहे. आपल्या शहरात याला आणखी एक पदर आहे. कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, सादरीकरण मात्र मराठीत किंवा इंग्रजीत असतं. कमी वापरातल्या भाषेतला शब्द जिभेवर यायला जास्त वेळ लागतो. तेव्हा ज्या भाषेत बोलायचं, त्याच भाषेत सराव करा. मनातल्या मनात घोकलेलं इथे पुरत नाही.

यंत्रांची तयारीही मेंदूसाठीच करायची. एका वेळी आपण मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो. त्यातली जागा प्रोजेक्टरच्या वायरने अडवली, तर बोलण्याला उरते कमी. मराठी स्लाइडचा घोळ तर ठरलेला. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ‘क’चा आकार इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असतो. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलं तर अक्षरं टिकतात, तरीही फॉन्ट बदलला की ओळी खाली सरकतात. फॉन्टसकट पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवा, मेलवरही टाका. आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन वायर जोडून बघा आणि शेवटच्या बाकावरून स्लाइड वाचा. एप्रिल-मेमध्ये खिडकीतून येणाऱ्या उन्हात फिकट पिवळी अक्षरं दिसतच नाहीत.

आता कॉर्टिसॉलच्या वेळापत्रकाकडे पुन्हा बघा. पंधरा-वीस मिनिटांचं सादरीकरण संपतं आणि प्रश्न सुरू होतात, नेमके त्याच सुमाराला ते चढलेलं असतं. तरी बहुतेक जण सुरुवातच घोटतात आणि प्रश्नांचा सराव सोडून देतात. दोन मित्रांना समोर बसवा, त्यांना वाटेल ते विचारू द्या, आणि उत्तर कागद न बघता द्या.