बडोद्यातली वाटीची देवघेव आली कुठून, थोडी पार्श्वभूमी

हल्ली बडोद्यात सोसायट्यांमध्ये पॉटलक होतात, रविवारी प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणतो, खाली पार्किंगमध्ये टेबलं लागतात आणि नवीन राहायला आलेल्यांची ओळख होते. मस्त प्रकार आहे, व्हायलाच हवा. पण हे अगदी नवीन काहीतरी निघालंय असं बऱ्याच तरुण मंडळींना वाटतं, म्हणून हे लिहितोय. दांडिया बाजार, रावपुरा, सुलतानपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथल्या जुन्या मराठी घरांत हेच चालायचं, फक्त टेबल नव्हतं आणि वार ठरलेला नव्हता. झाकलेली वाटी घेऊन पोर शेजारी जायचं, "काकू, आईनं दिलंय" म्हणायचं आणि पळायचं.

मराठी माणूस इथे मुळात आला तो गायकवाडांबरोबर. 1734 पासून बडोदं गायकवाडांकडे कायमचं आलं. आधी शिलेदार, सरदार, कारकून, भटजी आले, पण नोकरदार मध्यमवर्गाची मोठी भर पडली ती तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात. 1881 मध्ये त्यांच्या हातात पूर्ण अधिकार आले आणि मग शाळा, कॉलेज, कलाभवन, कचेऱ्या असं एकामागून एक उभं राहत गेलं. 1906-07 मध्ये तर सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, म्हणजे मास्तर किती लागले असतील विचार करा. कोकणातून, देशावरून माणसं नोकरीला यायची, बायको दोन मुलं घेऊन मागून यायची, आणि इथे ना सासर ना माहेर, ना जाऊ ना नणंद. बाळंतपण आलं, ताप आला, गावाला कुणी वारलं म्हणून नवऱ्याला जावं लागलं, तर बघणार कोण? शेजारीण. माझं स्पष्ट मत आहे की वाटीची देवघेव या गरजेतून आली, सणवार आणि हौस नंतर. नातेवाईक नसलेल्या माणसांनी नातेवाईक तयार केले आणि त्याचा सोपा रस्ता स्वयंपाकघरातून जात होता.

याचं एक सुंदर उदाहरण आपल्या बडोद्यातच आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. विनोबा भावे जन्माला आले 1895 मध्ये कोकणात गागोद्याला, पण वडिलांची नोकरी बडोद्याला असल्यामुळे त्यांचं शालेय वय इथे गेलं, 1916 मध्ये घर सोडून काशीला गेले तोपर्यंत ते इथेच होते. त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, एक आठवण ते सांगायचे. शेजारच्या घरातली बाई गावाला गेली की आई त्या घरी जाऊन स्वयंपाक करून द्यायची. पण आधी आपल्या घरचा उरकायची आणि मग तिकडे जायची. लहानग्या विनोबांना ते खटकलं, ते म्हणाले की तू स्वार्थी आहेस, आधी आपलं करतेस. आई हसली, म्हणाली की अरे त्यांचं आधी केलं तर ते जेवायला बसेपर्यंत गार होईल, त्यांना गरम मिळावं म्हणून मी नंतर जाते. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे की ती उरलेलं देत नव्हती, शेजाऱ्याची जेवायची वेळ डोक्यात ठेवून आपल्या दिवसाची आखणी करत होती. गागोद्याच्या फणसाचीही गोष्ट आहेच. झाडाचा फणस उतरवला की पहिले गरे शेजारीपाजारी वाटून यायचे आणि मगच घरच्या पोरांना मिळायचे, आणि वर आई म्हणायची, "देतो तो देव, राखतो तो राक्षस." ही शिकवण ती गागोद्याहून इथे घेऊन आली होती.

आता जरा व्यवहाराचं. वाड्यात चार-पाच बिऱ्हाडं, मधे एक चौक, सामाईक नळ. फ्रीज कुणाकडेच नाही. पुरण शिजवायचं तर ते चार पोळ्यांपुरतं कोण शिजवतं, निघाला घाट तर वीस-पंचवीस पोळ्यांचाच निघतो, आणि उन्हाळ्यात बडोद्याच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत काही टिकायचं नाही. म्हणून वाटणं हेच शहाणपण होतं. आणि आज माझ्याकडे जास्त झालं, उद्या तुझ्याकडे होईल, हिशोब कुणी लिहायचं नाही पण सगळ्यांच्या लक्षात असायचा, भांडं रिकामं परत जायचं नाही, काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायचे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, तेही यातलंच.

जुन्या घरातली भांडी कधी काढून बघा. स्टीलच्या वाटीच्या काठाखाली, डब्याच्या झाकणावर, पितळी पातेल्याच्या बुडाशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं, आडनाव आणि खाली तारीख किंवा "चि. अमुकच्या मुंजीप्रीत्यर्थ". लोक म्हणतात आहेर म्हणून नाव घातलंय, ते बरोबरच आहे, पण भांडी घरोघर फिरायची तेव्हा ती परत यावीत म्हणूनही नाव लागायचं. आमच्या घरच्या फळीवर दोन वाट्या आहेत ज्यांच्यावर गुजराती लिपीत शेजारच्या शाहांचं नाव आहे, आणि आमच्या तितक्याच त्यांच्याकडे असणार.

गुजराती शेजार हा बडोद्याच्या गोष्टीतला खरा मसाला. पुण्या-साताऱ्यात मराठी घराचे शेजारी मराठीच, इथे भिंतीपलीकडे पटेल नाहीतर शाह. मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं घ्यायला बेन यायच्या, आणि श्रावणात शीतळा सातमच्या आदल्या दिवशी, रांधण छठला, त्यांच्याकडे ढेबरां-वडे तळले जायचे त्यातले चार आमच्याकडे यायचे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची चूल पेटायचीच नाही. 14 जानेवारीला इकडून तिळगूळ जायचा, तिकडून उंधियू-जलेबी यायची, गच्ची एकच. नवरात्रात संध्याकाळी भोंडला, खिरापत ओळखायची धमाल, आणि त्याच पोरी रात्री गरब्याला. शहराची लाडकी शेव-उसळसुद्धा बघा ना, आपली उसळ आणि त्यांची शेव एका ताटलीत, वरून तिखट तरी.

पण सगळं गोड गोड सांगून चालणार नाही. वाटी कुठे जायची आणि कुठे जायची नाही याच्या रेषा होत्या आणि त्या फार कडक होत्या. याच बडोद्यात सप्टेंबर 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर नोकरीला आले. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला जाऊन शिकून आलेला माणूस, आणि शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. शेवटी कमाटी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले आणि रात्री मुंबईला निघून गेले. ज्या वर्षांत दांडिया बाजारात पुरणपोळीच्या वाट्या फिरत होत्या त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे, हे जुन्या शेजाराचं कौतुक करताना मी तरी विसरू शकत नाही. राजा सुधारक होता, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर राजाचा हुकूम चालत नव्हता.

हळूहळू फरक पडला. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी विद्यापीठ उभं राहिलं, आणि 1960 च्या दशकात कोयलीची रिफायनरी, खताचा कारखाना आले. देशभरातून माणसं आली, कॉलन्यांमध्ये बंगाली, तमिळ, मल्याळी घरं एका ओळीत, आणि तिथे कंपनीने क्वार्टर दिलं तो शेजारी, जात विचारायची सोय राहिली नाही. तिथल्या मराठी बायकांनी इडली शिकली आणि थालीपीठ शिकवलं. आणि घरचं खाणं हे कमाईचं साधन होऊ शकतं ही वाटही बडोद्यात जुनीच, सयाजीरावांच्या पत्नी महाराणी चिमणाबाईंच्या नावाने बायकांसाठी स्त्री उद्योगालय निघालं ते बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणूनच.

मग फ्लॅट आले, दारं बंद राहायला लागली, दिवाळीचा फराळ ऑर्डरने येऊ लागला. ऑर्डरला माझा विरोध नाही, दोघं नोकरी करत असतील तर चकल्या तळायच्या कधी? पण ओळख तुटली ती तुटलीच, तीन वर्षं एका मजल्यावर राहून नाव माहीत नाही असं झालं. ऑगस्ट 2024 च्या पुरात मात्र चित्र बदललं. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, पाणी 35 च्या वर गेलं, खालचे मजले बुडाले, लाईट नाही, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना घरात घेतलं. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्याकडे सिलिंडर भरलेला होता त्याच्याकडे खिचडी शिजली, डाळ एकाची, तांदूळ दुसऱ्याचे, आणि जिन्यातून पातेलं खाली-वर. आत्ताचे बरेच पॉटलक त्या आठवड्यातल्या ओळखीवर चालू आहेत.

आता आमच्या गल्लीत पीजीत राहणारी बिहारची, ओडिशाची पोरं आहेत, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जातात, घरी मेस नाही, आई हजार मैलांवर. आपले पणजोबा बडोद्याला उतरले तेव्हा असेच होते. आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून फराळाची दोन ताटं त्यांच्या खोलीवर जातात, आणि छठ पूजेला त्यांच्याकडून ठेकुआ आला, गुळाचा, खुसखुशीत, शंकरपाळ्याचा मोठा भाऊच.