मोठं आखूडशेपटी वटवाघूळ

न्यूझीलंडच्या जंगलात राहणारी आणि बहुधा संपलेली वटवाघळाची जात. शास्त्रीय नाव मिस्टासिना रोबस्टा. समुद्रातले सील-व्हेल सोडले तर या देशाचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, अलीकडच्या काळात तीन जाती, त्यातली ही एक. कोपर ते मनगट हाड ४५ ते ४८ मिमी, पंख पसरले की ३० सेंमीच्या आसपास. सवयींबद्दल जे लिहिलं जातं ते बरंचसं अजून जिवंत असलेल्या लहान जातीवरून (मिस्टासिना ट्युबरक्युलाटा) घेतलेलं असतं.

या वंशाची खासियत म्हणजे ही वटवाघळं जमिनीवर चालतात, पंख कडेच्या जाड कातडीखाली घट्ट दुमडतात आणि पालापाचोळ्यात चार पायांवर भक्ष्य शोधत फिरतात. असं का झालं यावर वाद आहे. जुनं मत असं की बेटावर जमिनीवरचे शिकारी सस्तन प्राणी नव्हते म्हणून ती निवांत खाली उतरली. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या रिव्हर्सले इथे याच कुळातल्या इकारोप्स या नष्ट झालेल्या वटवाघळाचे मायोसीन काळातले (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीचे) जीवाश्म मिळाले, त्यांच्या कोपराच्या हाडावर चालण्याच्या खुणा आहेत आणि तिथे तर जमिनीवर शिकारी भरपूर होते, त्यामुळे चालायची सवय न्यूझीलंडला पोचायच्या आधीचीच असावी असं जीवाश्म अभ्यासक सुझॅन हँड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं, आणि पुराव्याकडे बघता हेच जास्त पटतं. न्यूझीलंडमध्येही ओटागोतल्या सेंट बॅथन्सला साधारण १.६ ते १.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात मिस्टासिनाचे अवशेष आहेत. कुळाची जवळीक आधी कुठे कुठे जोडली गेली, पण १९८६ च्या रक्तातल्या प्रथिनांच्या अभ्यासाने ती दक्षिण अमेरिकेतल्या मासेखाऊ वटवाघळांच्या गटाकडे नेली आणि पुढे डीएनएनेही तेच दाखवलं.

१९६२ मध्ये ड्वायर या प्राणिशास्त्रज्ञाने मोठ्या वटवाघळाला लहान जातीची उपजात म्हणून नोंदवलं. स्वतंत्र जात मानली गेली ती १९८५ मध्ये, हिल आणि डॅनियल या संशोधकांच्या कामामुळे, म्हणजे शेवटच्या दर्शनानंतर जवळपास दोन दशकांनी, आणि याचं खरंच वाईट वाटतं.

जुनी हाडं उत्तर आणि दक्षिण दोन्ही मोठ्या बेटांवर मिळतात. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी यांच्याबरोबर बहुधा तेराव्या शतकात आलेल्या किओरे या लहान उंदरांमुळे ती तिथून हटली असं मानतात. शेवटी उरली ती स्ट्युअर्ट बेटाजवळच्या ताउकिहेपा आणि शेजारच्या रेरेव्हाकाउपोको बेटावर. तिथे १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत जहाजी उंदीर पोचले, टीटी या समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरायला येणाऱ्यांच्या बोटीतून आले असावेत, आणि १९६४ पर्यंत त्यांचा सुळसुळाट झाला. न्यूझीलंडच्या वन्यजीव खात्यातल्या ब्रायन बेल, डॉन मर्टन वगैरेंनी ३६ सॅडलबॅक पक्षी दुसऱ्या बेटांवर हलवून ती जात वाचवली. तिथले स्नाइप आणि बुश रेन हे पक्षी आणि हे वटवाघूळ मात्र गेलं. शेवटचं खात्रीचं दर्शन बहुतेक ठिकाणी १९६७ दिलंय, काही ठिकाणी १९६५.

१९९९ मध्ये जवळच्या पुटाउहिनु बेटावर मिस्टासिनासारखे आवाज ऐकू आल्याची नोंद आहे, पण नंतर प्राणी काही हाती लागला नाही. ताउकिहेपावरचे उंदीर २००६ मध्ये संपवले गेले. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आधी नामशेष धरलेली ही जात आता 'अतिसंकटग्रस्त, बहुधा नामशेष' अशी आहे.