ई-पुस्तक ‘विकत’ घेतले म्हणजे ते आपले होते का?
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मराठी वाचकांची अशी समजूत आहे की, पैसे भरून घेतलेले ई-पुस्तक छापील प्रतीप्रमाणेच कायमचे आपले होते. हे खरे नाही. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींनुसार आपल्याला मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना. म्हणूनच ती प्रत जुन्या पुस्तकासारखी पुढे विकता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके, त्यांत केलेल्या टिपांसकट, गेली. वाचकाच्या दृष्टीने ही भरपाई अपुरीच होय. तरीही ग्राहक निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेत्याचे कार्यालय कोठेही असले तरी, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. त्यासाठी पावती आणि खरेदीवेळच्या अटींची प्रत जपून ठेवावी.