इन अवर टाइम

इन अवर टाइम हा बीबीसी रेडिओ ४ वरचा गप्पांचा कार्यक्रम, १५ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झालेला. एका एपिसोडला एकच विषय, मग तो इतिहासातला असो, साहित्यातला, तत्त्वज्ञानातला नाहीतर सायन्सचा, आणि त्यावर पाऊण तास बोलायला तोच विषय वर्षानुवर्षं शिकवणारे तीन प्राध्यापक. बस एवढंच, मधे म्युझिक नाही की जाहिरात नाही. सुरुवातीला तर अर्धाच तास आणि दोनच पाहुणे असायचे.

कार्यक्रम उभा केला मेल्विन ब्रॅग यांनी. जन्म १९३९ चा, इंग्लंडच्या उत्तरेला विगटन नावाचं छोटं गाव आहे तिथे वाढले, आईवडील पब चालवायचे. १९९८ मध्ये ते लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, झाले म्हणून त्यांचा आधीचा रेडिओ शो सुटला आणि मग गुरुवारी सकाळी ९ ची वेळ मिळाली, जी तेव्हा अगदी पडेल समजली जायची, आणि करारही सहाच महिन्यांचा होता. ते थांबले थेट २०२५ मध्ये आणि तोवर हजाराच्या वर एपिसोड झाले होते!

मला विचाराल तर खरी ताकद ब्रॅग यांच्या प्रश्नांत होती. पाहुणा जरा हवेत गेला की ते मधेच तोडायचे, हे कधीचं, कुठलं, म्हणजे नेमकं काय, आणि मग तो मोठा विद्वानही साध्या भाषेत सांगायला लागायचा. ऐकणाऱ्याला काहीच माहीत नसेल असं धरून चालायचं पण त्याला डोकं नाही असं कधीच धरायचं नाही, हे इतकं नीट सांभाळलेलं मी दुसरीकडे फार कमी ऐकलंय.

आपल्याकडच्या माणसाने भगवद्गीतेपासून (२०११) किंवा सम्राट अशोकापासून (२०१५) सुरुवात करावी. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यातही सापडलेत, त्यामुळे तो एपिसोड ऐकताना फार लांबचं काही ऐकतोय असं वाटतच नाही.

२००४ मध्ये बीबीसीने पॉडकास्ट करून बघायला घेतले त्यात हा अगदी पहिल्या काहींतला. पुढे पॉडकास्टला शेवटी काही मिनिटं जास्तीची जोडायला लागले, ती अजिबात सोडू नका. मुख्य कार्यक्रम संपलेला असायचा, ब्रॅग विचारायचे काय राहून गेलं, आणि तिघंही सुटल्यासारखे मोकळे बोलायचे, कधी कधी एकमेकांचं खोडूनही काढायचे, ते रंगात आलेलं असतानाच प्रोड्युसर आत येऊन विचारायचा, चहा घेणार की कॉफी?