भारताची खाद्यतेल आयात

खाद्यतेल आयात करणाऱ्या देशांत भारत जगात पहिला आहे. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या तेलवर्षात सुमारे 160 लाख टन तेल बाहेरून येते, म्हणजे देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून येते.

1986 साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी देश जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. तोवर आयात सरकारी महामंडळामार्फत होई आणि पामोलिन, म्हणजे पामतेलाचा शुद्ध केलेला पातळ भाग, रेशनवर मिळे. 1994 मध्ये ते 65 टक्के शुल्कासह खुल्या आयातीत आले. 1998 पर्यंत शुल्क 15 टक्क्यांवर उतरले आणि स्वयंपूर्णता ओसरली. वाण्याकडे पामतेल मागणारे गिऱ्हाईक विरळाच, पण फरसाण, बिस्किटे, वनस्पती तूप, हॉटेलची कढई आणि साबण यांतून ते घरोघरी जाते. कोणते तेल किती यावे हे चवीपेक्षा भाव आणि शुल्कच ठरवतात. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा हे परावलंबन चांगलेच जाणवले.

शुल्क वाढवले तर शेतकऱ्याला भाव मिळेल, हे गणित वाटते तितके सरळ नाही. सप्टेंबर 2024 मध्ये, महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, खाद्यतेलावरील प्रभावी (उपकर धरून एकूण) शुल्क 27.5 टक्के, तर रिफाइंडवरील 35.75 टक्के झाले. तरीही त्या हंगामात लातूरच्या बाजारात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम 18 किलो. उरते ती मुख्यतः पेंड, आणि पेंडीला उठाव नसेल तर तेलाच्या तेजीने दाण्याचा भाव फारसा हलत नाही. करडई-भुईमुगाचे तसे नाही, त्यांत तेलाचा वाटा मोठा.

मे 2025 अखेर कच्च्या तेलावरील प्रभावी शुल्क 16.5 टक्क्यांवर आणले गेले. रिफाइंडचे मात्र तसेच ठेवले. आधी दोहोंतले अंतर 8.25 टक्केच असल्याने तयार पामोलिन आणणेच परवडे आणि देशातल्या रिफायनऱ्यांना काम कमी पडे. हे अंतर आता 19.25 टक्के आहे. नेपाळची वाट वेगळी: दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे तिथले रिफाइंड सोयाबीन तेल शुल्काविना येते. नेपाळात सोयाबीन फारसे पिकत नाही. कच्चे तेल परदेशातून आणून तिथे ते फक्त शुद्ध केले जाते.