ग्रीक मुलं आणि हरवलेला ‘ह’

अथेन्समध्ये मासळीच्या दुकानावर पाटी असते ‘इख्थिओपोलिओ’. आत जाऊन गिऱ्हाईक मागतं ते मात्र ‘प्सारी’. ‘इख्थिस’ हा माशासाठीचा प्राचीन शब्द पाटीवर राहिला, जिभेवरून गेला. पाण्याचंही तसंच. प्यायचं ते ‘नेरो’, पण नळ दुरुस्त करायला येतो तो ‘इद्राव्लिकोस’, कारण पाण्याचा जुना शब्द ‘हुदोर’, आपल्या ‘उदका’चा सख्खा भाऊ. ‘नेरो’चा मूळ अर्थ नुसता ‘ताजं’. ‘ताजं पाणी, ताजं पाणी’ म्हणता म्हणता पाणी गळून पडलं आणि विशेषण तेवढं उरलं. आपण मासा खातो आणि मत्स्यालय बघायला जातो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे बाराव्या वर्षी ‘गिम्नासिओ’त, माध्यमिक शाळेत, ग्रीक मूल प्राचीन भाषेचं पुस्तक उघडतं तेव्हा त्याच्याकडे शिदोरी असते. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. वाचता सगळं येतं, अर्थ मात्र हातातून निसटतो. परकी भाषा शिकताना आपण सावध असतो. इथे ओळखीचे चेहरेच फसवतात. ‘आलोगो’ म्हणजे आजच्या ग्रीकमध्ये घोडा. प्राचीन मजकुरात हाच शब्द ‘विवेकहीन’ या अर्थाने येतो. (विवेक नसलेला प्राणी, म्हणून पुढे घोडा.) तत्त्वज्ञानाच्या उताऱ्यात मुलाला आधी घोडा दिसणारच.

सर्वांत मोठी उलथापालथ स्वरांची झाली. आजच्या ग्रीकमध्ये ‘इ’ हा एकच आवाज सहा प्रकारे लिहिता येतो: तीन अक्षरं आणि तीन अक्षरजोड्या. एकेकाळी या सहांचे उच्चार वेगवेगळे होते. शतकानुशतकं सरकत ते एकाच जागी येऊन मिळाले. त्याची किंमत सर्वनामांनी मोजली. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचे प्राचीन शब्द आज वाचले तर दोन्ही ‘इमिस’! असं बोलणं चालणार कसं? म्हणून भाषेने नवी जोडी घडवली, ‘एमिस’ आणि ‘एसिस’. जिथे गोंधळ असह्य झाला तिथे बोलणाऱ्यांनीच डागडुजी केली.

पण जुना उच्चार कळला कसा? एक साक्ष मेंढीची आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या क्रातिनोस या विनोदी नाटककाराने मेंढीचा आवाज अक्षरांत लिहून ठेवला. आजच्या उच्चाराने तो ‘वी वी’ होतो. कुठलीही मेंढी असं ओरडत नाही. जुन्या उच्चाराने ‘बेऽ बेऽ’ होतो, आणि मेंढ्या काही बदललेल्या नाहीत.

दुसरी साक्ष आपल्याच देशात उभी आहे. मध्य प्रदेशात विदिशाजवळ हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. तक्षशिलेहून आलेल्या या यवन, म्हणजे ग्रीक, दूताचं नाव ब्राह्मीत कोरलंय: ‘हेलिओदोरेण’. आजचा ग्रीक माणूस हेच नाव ‘इलिओदोरोस’ असं वाचेल. ‘ह’ गेला, ‘ए’चा ‘इ’ झाला. कोरणाऱ्याने कानावर पडलेला आवाज ब्राह्मीत उतरवला, म्हणून तो दगडात टिकला. ज्योतिषातली ‘होरा’सुद्धा ग्रीक ‘होरा’च, तिच्या माहेरी आज वेळ विचारताना ‘ओरा’ म्हणतात.

हा ‘ह’ दाखवायला ग्रीक लिपीत स्वरावर एक छोटी खूण असे. १९८२ मध्ये आधुनिक लेखनातून ती काढून टाकली. त्यामुळे मुलांना ती प्रथम भेटते प्राचीन ग्रीकच्या पुस्तकात, आणि तिथेही तिचा उच्चार होत नाही, कारण ग्रीक शाळेत प्राचीन मजकूर आजच्याच उच्चाराने वाचतात. मराठी वाचकाला इथे एक गंमत सापडेल. ज्या तीन अक्षरांचे आवाज ग्रीक जिभेवर आज घर्षणाचे झाले आहेत, ते प्राचीन काळी ‘फळ’मधला फ, ‘थंडी’मधला थ आणि ‘खडू’मधला ख असेच होते. आपल्या मुलांना ते न शिकवता येतात.

व्याकरणात तर डोंगरच आहे: द्विवचन, चतुर्थी, क्रियापदाची कितीतरी रूपं, जी आजच्या बोलण्यात उरलेली नाहीत. यावरून ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. बोलीभाषेतल्या बायबलच्या अनुवादावरून १९०१ मध्ये अथेन्समध्ये दंगल होऊन आठ माणसं मेली. १९७६ मध्ये शिक्षणाची भाषा म्हणून बोलीला मान्यता मिळाली आणि गिम्नासिओत प्राचीन ग्रंथ अनुवादातून शिकवू लागले. १९९० च्या दशकात मूळ भाषा परत आली. मला वाटतं, खरी अडचण नावात आहे. आपण संस्कृत आणि मराठी अशी दोन नावं ठेवली, त्यामुळे संस्कृत अडलं तर मुलाला लाज वाटत नाही. ग्रीकांकडे दोन्हींचं नाव ‘एलिनिका’. स्वतःचीच भाषा कळत नाही हे ओझं बारा वर्षांच्या मुलाने का वाहायचं? रूपं घोकून घेण्याआधी आवाज कसे सरकले, शब्द कसे झिजले, हे वर्गात सांगायला हवं.

सुरुवात करायला एक शब्द पुरेसा आहे. ‘ठीक आहे’ म्हणायला प्रत्येक ग्रीक माणूस दिवसातून कितीदा तरी ‘एन्दाक्सी’ म्हणतो. तो फोडला की निघतं ‘एन ताक्सी’, म्हणजे ‘व्यवस्थेत’. त्यातलं ‘ताक्सी’ हे त्याच मेलेल्या चतुर्थीचं रूप आहे.