पाव पोटात गेला तर चालतो, पीठ नाकात गेलं तर नाही

पाव खाल्ला तर काही होत नाही, पण मैद्याचं पोतं फोडलं की शिंका थांबत नाहीत. बेकरीतला कारागीर ही तक्रार घेऊन आला की घरचे म्हणतात, ‘गव्हाची ॲलर्जी असती तर पाव कसा पचला असता?’ पचतो, कारण भट्टीची आच आणि पोटातले रस गव्हाची बरीच प्रथिनं मोडून टाकतात. कच्च्या पिठाची धूळ मात्र जशीच्या तशी श्वासावाटे आत जाते. काही महिने, कधी काही वर्षं शरीर ती सोसतं आणि मग तिच्याविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवून आणणारी प्रतिपिंडं बनवू लागतं. मैद्यात मिसळलेलं, बुरशीपासून काढलेलं अल्फा अमायलेज हे विकर (स्टार्च मोडणारं एन्झाइम) देखील असाच त्रास देतं. सहसा आधी नाक वाहतं, छातीत घरघर पुढे सुरू होते; हाच बेकरी कामगारांचा दमा. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने भट्टीवाल्यांच्या खोकल्याची आणि धापेची नोंद १७०० साली केली होती. आजार काही नवा नाही.

निदानाची सुरुवात साध्या प्रश्नाने होते: सुट्टीत गावी गेलात की बरं वाटतं का? मग पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, दिवसातून चार वेळा फुंकायचं, कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून काही आठवडे, आणि आकडे वहीत मांडायचे. जोडीला त्वचेची किंवा रक्ताची चाचणी.

स्टिरॉइडचा पंप श्वासनलिकांची सूज उतरवतो, दुसरा पंप त्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. गोम इथेच आहे. पंप ओढून माणूस पुन्हा त्याच धुळीत उभा राहिला तर आजार आतून वाढत राहतो, आणि फार उशीर झाला तर काम सोडूनही दमा जात नाही. गव्हाच्या अर्काची इंजेक्शनं देऊन शरीराला सवय लावण्याचे छोटे प्रयोग झाले आहेत, पण तो अजून रोजचा उपचार नाही.

म्हणजे खरा उपचार धुळीवर करायचा. हवेत किती पीठ चालेल? ब्रिटनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला १० मिलिग्रॅम, तर अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस ०.५. वीसपट फरक! आपल्याकडच्या छोट्या बेकरीत मोजायला येतंय कोण? पण टेबलावर मूठभर पिठी उधळण्याऐवजी चाळणीच्या डब्याने कमी उंचीवरून भुरभुरता येते. मिक्सर आधी हळू फिरवावा. कोरडा झाडू आणि हवेचा पाइप बाजूला ठेवून पीठ ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने उचलावं. आणि रिकामं पोतं झटकू नये, गुंडाळून ठेवावं.